पारव्याची नोंद

केरबा तात्यांचा आजार असा होता की तो दाखवायला नेला की नाहीसा व्हायचा. राधानगरीच्या वरच्या अंगाला, जंगलाच्या कडेला त्यांचं गाव. घरी छातीत धडधड सुरू झाली की ते टोपी घालून, पिशवी घेऊन एसटीने निघायचे. कोल्हापुरात रंकाळा स्टँडवर उतरेपर्यंत छाती शांत झालेली असायची. मग कार्डिओग्राम निघायचा तो एखाद्या तरण्याबांड पैलवानाचा असावा तसा. एका डॉक्टरांनी गॅस सांगितला. दुसऱ्यांनी मनाची भीती सांगितली. तिसऱ्यांनी तर घरात काही भांडण आहे का म्हणून विचारलं.

"छातीत पारवा शिरतोय," तात्या सांगायचे. "घटकाभर फडफडतोय. आनि एस्टीचा कंडक्टर बघितला की उडून जातोय."

मी तेव्हा राजारामपुरीतल्या एका हृदयरोगाच्या दवाखान्यात कामाला होतो. मी डॉक्टर नाही. औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतली, पंधरा वर्षं औषधं विकत फिरलो आणि चाळिशी ओलांडल्यावर मगदूम मॅडमच्या हाताखाली आलो. मॅडम हृदयाच्या डॉक्टर. नव्या औषधांच्या चाचण्यांमध्ये त्यांचा दवाखाना नुकताच सामील झाला होता आणि त्या कामाची कागदपत्रं, तारखा, रुग्णांशी बोलणं हे सगळं माझ्याकडे होतं. हाताखालच्या माणसाने प्रामाणिक असावं एवढीच त्यांची अट होती. ती अट मी पाळली नाही. ती कशी मोडली हेच सांगायचं आहे, पण तात्या समोर उभे राहिल्याशिवाय ते कळायचं नाही.

चौथ्या खेपेला तात्या आमच्याकडे आले आणि पारवा त्या दिवशी उडाला नाही. कार्डिओग्रामच्या पट्टीवर रेघा वेड्यावाकड्या पळत होत्या. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसण्याऐवजी थरथरत होते. मॅडमनी पट्टी त्यांना दाखवली. एवढा गंभीर आजार कळल्यावर माणूस घाबरतो. तात्या उठून बसले आणि बायकोला म्हणाले, "घावला की न्हाय? मी म्हनत हुतो का न्हवतो?"

त्यांची बायको हौसाक्का कोपऱ्यात पिशवी सांभाळत बसली होती. ती म्हणाली, "घावला तर घावला. त्येला काय हार घालायचाय?"

त्या दिवसापासून मला हा माणूस आवडायला लागला.

तात्या बुटके, काटक. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, टोपी. सदऱ्याच्या खिशात बोटभर उरलेली पेन्सिल. पेन त्यांनी कधी वापरलं नाही. "शाई पान्यात पसरती," असं ते म्हणायचे. त्यांची एक सवय मला फार दिवस कळली नव्हती. दवाखान्याखालच्या गाड्यावर चहा घेतला की ते काचेचा ग्लास पिण्याआधी डोळ्यांसमोर धरायचे, थोडे गुडघ्यात वाकायचे, एक डोळा बारीक करायचे आणि मग प्यायचे. चहावाल्याला वाटायचं, म्हातारा चहात काय पडलंय ते बघतोय. तो एकदा वैतागून म्हणाला, "पावणं, माशी न्हाय त्यात."

"माशी न्हवं रं," तात्या म्हणाले. "पातळी बगतोय. वरनं बगितलं की जास्त दिसतंय, खालनं बगितलं की कमी. डोळ्याम्होरं आनल्याबिगार खरं कळत न्हाय."

तेव्हा त्यांनी सांगितलं. एका सरकारी खात्यात त्यांनी तीसेक वर्षं एकच काम केलं होतं. त्यांच्या गावाजवळच्या माळावर पाऊस मोजायचं यंत्र होतं. रोज सकाळी आठ वाजता कुंपणाचं दार उघडायचं, नरसाळं काढायचं, खालच्या बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतायचं, वाकून पातळी बघायची आणि वहीत लिहायची. पावसाळ्यात लिहायची आणि उन्हाळ्यातही लिहायची.

"उन्हाळ्यात काय लिहायचात?" मी विचारलं.

"निरंक."

"रोज?"

"रोज. चैत्रात सुदीक जाऊन दार उघडायचं, बाटली बगायची, निरंक लिवायचं. घरात बसून निरंक लिवलं तर ती नोंद न्हवं. ती थाप."

अशा माणसाला आमच्या अभ्यासात घ्यायचं म्हणजे मला घबाड सापडल्यासारखं वाटलं. आम्ही ज्या औषधाची चाचणी करत होतो ते याच आजारावरचं होतं, अधूनमधून येणाऱ्या आणि आपोआप जाणाऱ्या बेताल ठोक्यांवरचं. निम्म्या रुग्णांना औषधाची गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. बाकीचे उपचार सगळ्यांना सारखेच चालू, रक्त पातळ ठेवणारी गोळीसुद्धा. कोणाच्या डबीत काय आहे हे रुग्णालाही माहीत नाही, मॅडमना नाही, मला नाही. छातीत काही झालं की रुग्णाने छापील वहीत लिहायचं: किती वाजता, किती वेळ. शिवाय महिन्यातून एक दिवस छातीला तारा चिकटवून चोवीस तासांचं यंत्र लावायचं.

संमतीपत्र मी तात्यांना दोनदा वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हंजे मी औषद खातोय का खडू, ह्ये तुमालाबी ठावं न्हाय?"

"नाही."

"डाक्टरीनबाईंना?"

"त्यांनाही नाही."

त्यांनी समाधानाने मान हलवली. "मग झ्याक हाय. ज्याला ठावं नसतंय त्येच मानूस खरं मोजतंय." आणि पेन्सिलीने सही केली. सही पेनानेच लागते म्हणून मी ती पुन्हा करून घेतली.

हौसाक्का म्हणाली, "खडूच असू दे देवा. निदान हाडं तरी घट हुतील."

महिन्यातून एकदा तात्या यायचे. येताना कधी घरचं तांदळाचं पीठ, कधी फणसाच्या आठळ्या, कधी नुसतंच केळीचं पान घेऊन यायचे. अभ्यासातल्या रुग्णाकडून काही घ्यायचं नाही असा नियम होता. मी तो सांगायचो. ते म्हणायचे, "मी तुमाला देत न्हाय. हितं ठेवतोय. कोन उचलंल त्येनं उचलावं." मग ते माझ्या टेबलासमोर बसायचे, मी डबीतल्या उरलेल्या गोळ्या मोजायचो, आणि आमचं बोलणं चालू व्हायचं. माझे वडील लवकर गेले. मोठ्या माणसाने आपल्याशी कामाबद्दल बरोबरीने बोलावं याची मला सवय नव्हती. महिन्याचा तो दिवस जवळ आला की मी टेबल आवरून ठेवायचो.

मॅडमनाही ते आवडायचे. एकदा मॅडम त्यांना समजावत होत्या की औषध लागू पडतंय की नाही हे या आजारात ओळखणं अवघड असतं. माणूस दवाखान्यात येतो तो त्रास कळसाला पोचल्यावर. नंतर काही केलं नाही तरी त्रास थोडा उतरतोच. आणि श्रेय गोळीला जातं.

तात्या म्हणाले, "आमच्यात म्हादेव कोंडत्यात तसं."

मॅडमना समजलं नाही. तात्या सांगायला लागले. पाऊस लांबला की गावातले लोक महादेवाच्या गाभाऱ्यात घागरींनी पाणी ओततात, पिंड बुडेपर्यंत. मग पाऊस येतो. "पर कोंडत्यात कवा? जून निम्मा कोरडा गेल्यावर. रोपं वाळाय लागल्यावर. तवर पाऊस यायचाच झालेला असतोय की. मी तीस वर्सं वही लिवलीया बाई. म्हादेव कोंडला त्या साली बी आला आनि न्हाय कोंडला त्या साली बी आला."

"हे गावात सांगितलंत का?" मॅडमनी विचारलं.

"सांगून काय करू? घागर तर मीच ओतत हुतो."

मॅडम खुर्चीत मागे टेकून हसल्या. इतकं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

यंत्राचं मात्र त्यांच्याशी जमलं नाही. यंत्र लावलं की पारवा येत नसे. तारा काढल्या आणि ते गावाला पोचले की दोन दिवसांत येत असे. तात्यांना त्याचा राग यायचा. "वर्सातला एक दिवस बगून पावसाळा कसा सांगशीला?" ते मला विचारायचे. एका खेपेला यंत्र परत आणून दिलं तेव्हा चिकटपट्ट्या मातीने भरलेल्या होत्या. हौसाक्काने सांगितलं, "पारवा यावा म्हनून म्हशीमागं पळत हुते. म्हस दमली. पारवा आला न्हाय." तात्या खाली मान घालून बसले होते. मी त्यांना म्हणालो, "असं करायचं नसतं, तात्या. नेहमी जगता तसंच जगायचं." मला तेव्हा फार बरोबर बोलल्यासारखं वाटलं होतं.

एकदा त्यांनी साहेबांची गोष्ट सांगितली. एका वर्षी अतोनात पाऊस पडला. सकाळी ते माळावर पोचले तर यंत्राची बाटली भरून वर वाहत होती. किती पडला ते कळायला मार्ग नव्हता. त्यांनी वहीत लिहिलं, "बाटली भरून वाहिली. यापेक्षा जास्त." खात्यातले साहेब चिडले. वर आकडा पाठवायचा होता. शेजारच्या ठाण्याचा आकडा बघून अंदाजाने काहीतरी लिही, म्हणाले. तात्यांनी लिहिलं नाही. साहेबांनी बदलीची धमकी दिली.

"मग?" मी विचारलं.

"मी म्हनलं, बदली करा. पर तितंबी बाटली वाहिली तर ह्येच लिवनार."

त्यांनी हे मोठेपणाने सांगितलं नाही. साहेबाला एवढी साधी गोष्ट कळू नये याचं त्यांना अजून नवल वाटत होतं.

आता माझ्याबद्दल.

अभ्यास सुरू होऊन चार महिने झाले होते. आमच्याकडचे दोन रुग्ण मध्येच गळाले. एक मुलाकडे पुण्याला राहायला गेला, दुसऱ्याने कुणाच्यातरी सांगण्यावरून गोळ्या सोडून काढा सुरू केला. प्रत्येक गळलेल्या रुग्णामागे मला लांबलचक खुलासे लिहावे लागले. त्यात आमचा दवाखाना नवीन. पुढचं काम आम्हाला मिळेल की नाही हे यावर ठरणार, असं मला वाटत होतं. मॅडम तसं म्हणाल्या नव्हत्या. मीच धरून चाललो होतो.

त्या महिन्यात तात्यांनी वही उघडली. अकरा नोंदी होत्या. पेन्सिलीने, सुबक अक्षरात. "सकाळी सात. म्हशीला वैरण टाकताना. दोन मिनिटे." "दुपारी. चहा निवण्याआधी गेला." "बसून असता. एक मिनिट, कदाचित कमी." अभ्यासाच्या नियमात ठरावीक त्रासापुढे रुग्णाला बाहेर काढून दुसरा उपचार द्यायची तरतूद होती. ही बारीक फडफड त्यात मोजायची की नाही हे ठरवणं माझं काम नव्हतं. ते वरच्या लोकांचं काम. माझं काम नोंद जशी आहे तशी पुढे पाठवायचं.

मी म्हणालो, "तात्या, एवढं लहान धरायचं नसतं."

"नका धरू."

"म्हणजे लिहायचंही नसतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग समजावून सांगावं तसं म्हणाले, "पावणं, आमच्यातबी अडीच मिलिमीटरच्या खाली असला तर तो पावसाचा दिवस धरत न्हाईत. पर लिवत्यात. न धरनं येगळं, न लिवनं येगळं."

खरं बोलणाऱ्याला उत्तर नसलं की माणूस नात्यावर येतो. मी तेच केलं. "तात्या, हे असं लिहिलंत तर तुम्हाला यातून काढतील."

"काडलं तर?"

"तर तुमचं इथलं येणं बंद."

"म्हंजे आपली गाठ न्हाय."

"नाही."

खाली रस्त्यावर कुठल्यातरी क्लासची पोरं सुटली होती, त्यांचा गलका येत होता. तात्यांनी विचारलं, "आनि तुमच्यावर बोलनं यील?"

मी म्हणालो, "येईल थोडं."

तात्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. "बरं," म्हणाले.

एवढंच झालं. मी त्यांना खोटं लिहा म्हटलं नाही. त्यांच्या वहीतली एकही ओळ खोडली नाही. त्या अकरा नोंदी मी पुढे पाठवल्याही, आणि त्यावरून कुणी त्यांना काढलं नाही. म्हणजे माझी भीतीसुद्धा खोटीच होती. पण पुढच्या महिन्यात तात्यांची वही आली तेव्हा तीत पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत एकच शब्द होता. निरंक. त्याच्या पुढच्या महिन्यातही तोच. यंत्रात तर कधीच काही येत नव्हतं.

मी खूष झालो. औषध लागू पडलं असं मी स्वतःला सांगितलं. तात्यांनाही सांगितलं, "बघा, दोन महिने स्वच्छ." ते नुसते हसले. बोलायचे तसे बोलले, भाताच्या रोपांबद्दल, म्हशीच्या रेडकाबद्दल. चहाचा ग्लास डोळ्यांसमोर धरला. त्या हसण्यात काही वेगळं होतं का, हे मी पुढे कितीदा आठवून पाहिलं. आठवणीला आता मला हवं तेच दिसतं, म्हणून तिच्यावर विश्वास नाही.

मॅडमनी ती वही चाळली. "फार स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "महिन्याला अकरा, आणि एकदम काहीच नाही? तात्यांचाच पाऊस इतक्या शिस्तीत थांबत नाही." मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत ना?"

"नाही, मॅडम," मी म्हणालो.

वर सांगितलेलं सगळं एका बाजूला आणि हे दोन शब्द एका बाजूला. तेव्हाच खरं बोललो असतो तर मॅडमनी तात्यांना समोर बसवून विचारलं असतं, आणि तात्यांनी त्यांना सांगितलं असतं. वेळ होती.

मग पावसाळा लागला. रोपलावणीच्या दिवसांत तात्या दोन महिने आले नाहीत. फोनवर "बरा हाय" म्हणायचे. अभ्यासाच्या गोळ्या मी एसटीने पाठवल्या आणि रिकाम्या डब्या मोजून घेतल्या. रक्त पातळ ठेवणारी गोळी अभ्यासातली नव्हती. ती ते गावाकडून विकत घ्यायचे. ती कुणी मोजत नव्हतं.

पाऊस ओसरायला लागला तेव्हा एका दुपारी हौसाक्काचा फोन आला. "भाऊ, ह्यांच्या अंगावरनं वारं गेलंय." हृदयाचे कप्पे थरथरत राहिले की आत रक्त साकळतं. त्याची एक गुठळी निघून मेंदूत जाऊन बसली होती. गाडी मिळून, घाट उतरून कोल्हापूरला येईपर्यंत गुठळी विरघळवायची वेळ टळून गेली होती. उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणं गेलं.

चौथ्या दिवशी हौसाक्का माझ्या टेबलाशी आली. तिने पिशवीतून शाळेच्या पोरांची असते तशी एक लांब वही काढली. "तुमच्या दवाखान्यात याय लागल्यापासनं ह्येच्यात लिवत हुते," ती म्हणाली. "मला वाचाय येत न्हाय. उपेग झाला तर बगा."

वहीला पेन्सिलीने आखलेले चार रकाने होते. तारीख, वेळ, किती, शेरा. अभ्यास सुरू झाला त्या दिवसापासूनची एकही तारीख चुकली नव्हती. आमच्या छापील वहीत ज्या दिवशी निरंक होतं, त्या दिवशी इथे पाच मिनिटे, कुठे दहा, कुठे अर्धा तास होतं. मोजणारा हात मोजल्याशिवाय राहिला नव्हता. त्याने फक्त मला दाखवायचं थांबवलं होतं. आमचं ते बोलणं झालं त्या दिवसाच्या शेऱ्यात लिहिलं होतं, "लहान धरायचे नाही. पावण्यांना सांगू नये, त्यांना बोलणे बसते." त्यानंतर प्रत्येक नोंदीपुढे "धरायचे नाही." आषाढातला एक शेरा होता, "शेतात जळवा लागतात, रक्त थांबत नाही. पातळ करायची गोळी तूर्त बंद. पारवा धरण्याजोगा नाही."

जो धरायचा नाही तो धोक्याचाही नसणार, असं त्यांनी मानलं होतं. ते मानायला मी शिकवलं होतं.

शेवटची नोंद पक्षाघाताच्या दिवसाची होती. "सकाळपासून. अजून आहे."

ती वही मी टेबलाच्या खणात ठेवली आणि खणाला कुलूप लावलं. तीन आठवडे ती तिथेच होती. रोज सकाळी कुलूप बघायचो आणि दुसऱ्या कामाला लागायचो. या तीन आठवड्यांचं कारण मला आजही देता येत नाही. भीती म्हणावं तर नोकरीची नव्हती. मॅडमचा चेहरा बघवणार नाही ही होती.

शेवटी वही त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचली. वाचताना एकदा चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "आकडे मी तपासले असते. हे मी कसं तपासणार होते?" आवाज चढवला नाही. चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीला पत्र त्यांनी स्वतः लिहिलं, माझ्या नावाने खापर न फोडता. आमच्या केंद्राचे सगळे रुग्ण हिशेबातून बाजूला ठेवले गेले. इतर रुग्णांनाही मी असंच काही बोललो असेन, असं कुणाला वाटलं तर त्यात चूक काय होती? मी राजीनामा दिला. आता राजारामपुरीतच एका औषधांच्या दुकानात असतो. कुणी रक्त पातळ करायची गोळी घ्यायला आलं की जास्त बोलतो. गिऱ्हाईक कंटाळतं.

पुढे कळलं की तात्यांच्या डबीत खरं औषध होतं. मग ते चाललं नाही असं म्हणायचं का? तसंही म्हणता येत नाही. औषध नसतं तर ती लांब वही याहून भरली असती, असंही असेल. अभ्यासाआधीची वही कुणी लिहिली नव्हती आणि नंतरची मी बिघडवली. त्या औषधाबद्दल एक खरा माणूस आठ महिने रोज साक्ष देत होता, आणि ती ऐकायला बसवलेला माणूस मी होतो.

तात्या त्यानंतर दीड वर्ष जगले. मी एकदाच गेलो. थंडीचे दिवस होते, अकराचा सुमार. मोटारसायकल रस्त्याला लावून वर चढलो. तात्या सोप्याच्या कडेला खुर्चीत बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. मला बघून त्यांचा अर्धा चेहरा हसला.

"ओळखलं बगा," हौसाक्का म्हणाली. "पर एकच शबूद ऱ्हायलाय त्यास्नी. व्हय. डाक्टर म्हनत्यात, येतील बाकीचे सावकास." मग त्यांच्याकडे वळून मोठ्याने म्हणाली, "चा घेनार?"

"व्हय."

"का नगं?"

"व्हय."

"बगा," ती मला म्हणाली. "जलमभर मला न्हाय म्हनत आलेला मानूस. आता समद्याला व्हय." ती हसली आणि डोळे पुसत आत गेली.

मी खुर्चीजवळ पायरीवर बसलो. वाटेत सगळं ठरवून आलो होतो, त्यातलं काही उरलं नाही. म्हणालो, "तात्या, माझ्यामुळे तुम्ही ते लिहायचं दडवलंत."

"व्हय," ते म्हणाले.

मला उत्तर मिळालं असं वाटलं. "मी तसं बोलायला नको होतं."

"व्हय."

"राग आहे तुमचा माझ्यावर?"

"व्हय."

मग मी तो प्रश्न उलटा विचारला. विचारायला नको होता, पण विचारला. "राग नाही ना, तात्या?"

"व्हय."

तोच स्वर, तेवढाच. मी त्यांच्या डोळ्यांत बघत राहिलो. ते माझ्याकडेच बघत होते. शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती, तरी मी ती घरी घेऊन गेलो असतो.

हौसाक्का चहा घेऊन आली. माझा कप तसाच निवत होता. तात्यांनी डाव्या हाताने बशी माझ्याकडे ढकलली आणि काहीतरी आवाज केला.

"चा प्या म्हनत्यात," हौसाक्का म्हणाली.

"तुम्हाला कसं कळतं?"

"आता चाळीस वर्सं झाली की. मला कळतंय."

तिला विचारता आलं असतं, त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी काय दिलं म्हणून. ती तिथेच उभी होती. मी चहा प्यायलो, पाया पडलो आणि निघालो.

खाली रस्त्यावर येऊन गाडी सुरू केली आणि मागे बघितलं. हौसाक्का त्यांच्या खुर्चीशी वाकली होती, कान त्यांच्या तोंडाजवळ नेऊन. तात्या तिला काहीतरी सांगत होते. ओठ हलत होते, थांबत होते, पुन्हा हलत होते. डावा हात रस्त्याकडे, माझ्याकडे होता. ती मान डोलवत होती. इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू येत नव्हतं. गाडी बंद करावी आणि वर जावं असं वाटलं. मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो. मग गियर टाकला.